पायपंप: किती जमीन भिजते आणि पैसा कशाने होतो

मागच्या अंकात केनियातल्या पायाने चालवायच्या पंपाचं छायाचित्र छापलं होतं. दोन पट्ट्यांवर आळीपाळीने पाय दाबणारी बाई आणि मागे सुकुमा विकीचा, म्हणजे तिथल्या रोजच्या पालेभाजीचा, हिरवागार वाफा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शंभर एकर पिकाऊ जमिनीतली जेमतेम चार-पाच एकर ओलिताखाली आहे, बाकी सगळी पावसाच्या भरवशावर. त्यामुळे असल्या साध्या यंत्राबद्दल एवढी पत्रं आली याचं आम्हाला समाधान वाटलं. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : असे पंप दोन एकरांपर्यंत भिजवतात असं सांगतात. पायाने दोन एकर खरंच होतात का? (बारामती)

क्वचितच. हिशेब सोपा आहे, करून बघा. धडधाकट माणूस तासन् तास दमछाक न होता साधारण ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. त्यातली निम्मी पंपात आणि घर्षणात जाते असं धरा. मग पाणी, विहिरीतून ओढणं आणि पुढे ढकलणं मिळून, एकूण ४ मीटर उचलायचं असेल तर सेकंदाला जवळजवळ १ लिटर येईल. तेच १० मीटर उचलायचं झालं तर ०.४ लिटरही धड येणार नाही.

आता पिकाची बाजू. कोरड्या दिवसांत भाजीला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर. १० गुंठ्यांना ५,००० लिटर झाले. ४ मीटर उचलायचं असेल तर दीड तासाचं काम, १० मीटर असेल तर साडेतीन-चार तासांचं. पूर्ण एकराला याच्या चौपट. घरात आळीपाळीने पाय मारणारी दोन माणसं असतील आणि पाणी उथळ असेल, तर अर्धा एकर सुखाने होतो. दोन एकर होतात ते पाऊस चालू असताना मधल्या ताणात एखादं पाणी द्यायचं असेल तेव्हा.

उंचीचीही एक मेख आहे. कुठलाही ओढणारा पंप हवेच्या दाबावर पाणी खेचतो. समुद्रसपाटीला व्यवहारात ७ मीटर खोलीपर्यंत चालतं. केनियातला नैरोबी, मचाकोस हा भाग दीड हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवाच विरळ, म्हणून साडेपाच-सहा मीटरच धरा. विहिरीचं पाणी मोजायचं ते पाऊस संपल्यावर नाही, सर्वांत कोरड्या महिन्यात. पंप घेतल्यावर पाणी दोन मीटर खाली गेलं तर तो पंप नुसता उभा राहतो.

पाइपात काटकसर करू नका. सेकंदाला १ लिटर पाणी ५० मीटर लांब न्यायचं असेल तर आतून २५ मिलिमीटरच्या पाइपात घर्षणानेच जवळजवळ ९ मीटर उंचीइतका जोर खर्च होतो. ३२ मिलिमीटरला अडीच-पावणेतीन मीटर, ४० मिलिमीटरला एक मीटरच्या आत. स्वस्त पाइपाची किंमत रोज पिंढऱ्यांनी मोजावी लागते.

प्रश्न : मलावीत आमच्या संस्थेने एका गावात पंप दिला आहे. आठवडाभर छान चालला, आता पाय हलके पडतात आणि पाणी येत नाही. (लिलाँग्वे)

पाय हलके पडतात हीच मोठी खूण आहे. पाय जड झाले असते तर जाळी चोंदली असती किंवा ओढीचा पाइप आतल्या आत चपटला असता. हलके म्हणजे पंप हवा धरतोय, नाहीतर कुठली तरी झडप बसत नाही.

आधी पंप वरून पाण्याने काठोकाठ भरा, चार-सहा पाय मारा आणि थांबा. पाच मिनिटांत पाणी खाली उतरलं तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे ओढीच्या पाइपाच्या तळाची झडप, गळतोय. पाइप वर काढा आणि झडपेखाली बोट फिरवा. दहांत आठ वेळा तिथे वाळूचा खडा किंवा पानाचा तुकडा सापडतो. धुऊन परत बसवा. झडपेची रबरी चकती वाकडी झाली असेल तर ट्यूबच्या रबराची कापून घेता येते, फक्त कड अगदी गोल आणि गुळगुळीत हवी.

पाणी उतरत नसेल तर ओढीच्या पाइपाचे सांधे बघा. इथे लोक हमखास फसतात, कारण या बाजूला पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. साबणाचा दाट फेस लावा आणि कुणाला तरी पाय मारायला सांगा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे भोक. क्लॅम्प आवळा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. ओढीला गुंडाळता येणारा चपटा पाइप कुणी लावला असेल तर तो आजच काढा. तो पाणी पुढे ढकलायला चालतो, ओढायला कधीच नाही.

एक पाय घट्ट आणि दुसरा सैल पडत असेल तर सैल बाजूच्या दट्ट्याचं वायसर झिजलंय. वायसर म्हणजे वाटीच्या आकाराची चामड्याची किंवा रबराची चकती. चामड्याचं नवं वायसर रात्रभर पाण्यात भिजवून मगच बसवायचं. पंप महिनाभर बंद राहिला की चामडं वाळून आक्रसतं, तेव्हाही हाच उपाय. रबराच्या वायसरला इंजिनचं तेल किंवा ग्रीस लावू नका, ते फुगून अडकतं. वाटीची कड कुठल्या बाजूला होती ते काढतानाच बघून ठेवा. उलटी बसली तर सगळं नवं असूनही थेंब येत नाही.

तुमच्या गावात आठवड्यात वायसर गेलं असेल तर कारण बहुधा वाळू. नदीच्या पात्रातल्या खड्ड्यातून पाणी घेत असाल तर पाइपाचं तोंड तळापासून एक फूट वर आणि पाण्याखाली एक फूट राहील असं टांगा आणि त्यावर बारीक जाळीची पिशवी बांधा. आणि एक साधी सवय लावा: वायसरची एक जादा जोडी पंपाच्या दांड्यालाच बांधून ठेवायची.

प्रश्न : बादलीचं ठिबक म्हणजे काय? आमच्या परसबागेलाही चालेल का? (सावंतवाडी)

चालेल. २० लिटरची बादली एक मीटर उंच मांडायची, तळाशी कापडाची गाळणी, खाली १५ मीटरच्या दोन नळ्या. सुमारे शंभर रोपं होतात, बादली सकाळ-संध्याकाळ भरायची. एक मीटरवरून दाब फार थोडा मिळतो. आपल्याकडे मोटरवर ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर इथे सव्वा लिटर देतो. म्हणून जमीन सपाट हवी. नळीचं एक टोक फूटभर वर असलं तरी तिथल्या रोपांना पाणी सोळा-सतरा टक्के कमी पडतं. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून गाळ जाऊ द्या.

प्रश्न : सौर पंप आता स्वस्त झालेत. मग पायपंप हवेत कशाला? (नागपूर)

ज्याला परवडेल त्याने सौरच घ्यावा. रोज चार तास पाय मारणं हे कष्टाचं काम आहे, त्याचं कौतुक लांबून करणं सोपं असतं. एक एकराला रोज २०,००० लिटर १० मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा अर्धा युनिटच लागते. लहान पंप तिच्यातून बरीच वाया घालवतात, म्हणून पावणेदोन-दोन युनिट धरा. विषुववृत्ताजवळ रोज पाच तासांचं भर ऊन मिळतं, तेव्हा ३५० ते ४०० वॅटचं पॅनल पुरतं.

अडचण अशी की सगळा पैसा पहिल्या दिवशी लागतो. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय. त्यावर सनकल्चरसारख्या कंपन्या हप्त्याने पंप देतात. हप्ता घेताना एकच विचारा: पैसे पीक निघाल्यावर द्यायचे की दर महिन्याला? रोप लावल्यापासून टोमॅटो हाती यायला अडीच-तीन महिने लागतात. पहिले दोन हप्ते पिकाआधीच थकले तर सगळं अंगावर येतं.

पेट्रोलचा पंप याच्या उलट. घ्यायला स्वस्त, पण नेमकं पीक फुलोऱ्यात असताना तेलाला पैसे नसतात.

प्रश्न : सरकारने पंप फुकट वाटले तर गरिबी लवकर हटणार नाही का? (सांगली)

हा प्रश्न कळकळीचा आहे, पण आमचं मत वेगळं आहे. फुकट पंप गावात आला की तो विकणारा दुकानदार टिकत नाही आणि दुकान गेलं की वायसरही मिळत नाही. हा पंप १९८०च्या सुमाराला बांगलादेशात गुन्नार बार्न्स या नॉर्वेच्या अभियंत्याने आणला तेव्हा पट्ट्या बांबूच्या होत्या. गावचा मिस्त्री तो दुरुस्त करत असे, म्हणून तो पसरला. मार्टिन फिशर आणि निक मून यांनी १९९१ मध्ये नैरोबीत सुरू केलेली संस्था, आजची किकस्टार्ट, हीसुद्धा पंप फुकट वाटत नाही, दुकानातून विकते. बायकांना लांब कपड्यांत, गुडघे फार वर न नेता तो चालवता यावा हा विचारही त्यांच्या पंपात आहे. मदत करायचीच असेल तर ती हप्त्यांना आणि विहीर खोदायला करावी.

आणि पैसा पाण्याने होत नाही, वेळेने होतो. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, लहान ऑक्टोबर ते डिसेंबर. पावसावर सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. ज्याच्याकडे पंप आहे त्याने जून ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीतला बाजार धरायचा. ऑगस्टमध्ये टोमॅटो हवा तर रोपवाटिका एप्रिलमध्ये टाकायची. १० गुंठ्यांचे तीन तुकडे करा आणि तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने लावा. एका तुकड्यात सुकुमा विकी ठेवाच, तिची पानं महिनोन् महिने खुडता येतात आणि घरात आठवड्याला हमखास पैसा येतो. दहा शेजाऱ्यांनी पंप घेऊन टोमॅटोच लावला तर भाव पुन्हा पडणार, तेव्हा कोण काय लावणार हे आधी बोलून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे बोअर खोल-खोल गेले. आफ्रिकेतही हेच होणार ना? (अहिल्यानगर)

तुमची भीती खरी आहे. पायपंप सहा-सात मीटरखाली पोचतच नाही, त्यामुळे त्याला लगाम आपोआप आहे. सौर आणि डिझेल पंपांना तो नाही. केनिया पर्वताच्या उत्तर उतारावर इवासो न्गिरो नदीचं पाणी वरच्या अंगाला शेतीने उचललं आणि खाली गुरं राखणाऱ्या लोकांकडे कोरड्या महिन्यांत पात्र सुकू लागलं. २००२ च्या पाणी कायद्यानंतर तिथे पाणी वापरणाऱ्यांच्या संघटना झाल्या, त्या टंचाईत पाळ्या लावून देतात.

एका विहिरीपुरतं करायचं ते असं. विहिरीच्या आतल्या भिंतीवर रंगाने हातहातभर अंतराच्या खुणा करा. दर आठवड्याला एकाच दिवशी, पहाटे उपसा सुरू व्हायच्या आधी, पाणी कितव्या खुणेवर आहे ते लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे पाणी जुन्या खुणेपर्यंत चढलं नाही, तर पुढचा तुकडा लावू नका.