ग्रामसभेला जाण्याआधी

प्रिय पोरी,

ग्रामसभेत तुला कुणी बोलूच दिलं नाही, म्हणून तू चिडलीस. चिडायलाच हवं. पण पुढच्या वेळी हातात कागद घेऊन जा.

नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढ. मागचं इतिवृत्त वाचायला माग. ग्रामसेवक भाऊसाहेब "नंतर या" म्हणाले, तर माहिती अधिकारात अर्ज दे आणि पोच घे. गावाचा विकास आराखडा तर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरच दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. तुमच्या वस्तीत नळ कोरडे आहेत. त्या पैशांतून काय झालं, हे आकड्यांनिशी विचार.

कोरमचं नीट समजून घे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग दहा-पंधरा टाळकी बसून अख्ख्या गावाचे ठराव करतात. कित्येक गावांत शिपाई रजिस्टर घेऊन हजेरीच्या सह्यांसाठी दारोदार फिरतो. तुमच्या दारात आला तर आईला सही करू देऊ नकोस, तिला सभेला घेऊन जा. त्याआधीची महिला सभा तर चुकवूच नका; तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडावं लागतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. त्यामागचा अभ्यासगट फारसा कुणी पाहत नाही. तिथले लोक आधी एकत्र बसून कायदा समजून घेत, चर्चा करत आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी मात्र 2011 पर्यंत झगडावं लागलं. तुझ्या चार मैत्रिणींचाही असा गट होऊ शकतो.

पाइपलाइनचा विषय आधीच लेखी दे. सभेत सूचक-अनुमोदकांची नावं आणि ठराव क्रमांक लिहिला गेल्याशिवाय उठू नकोस. ठरावाची नक्कल हातात पडली की मला दाखव. पंचायत समितीत ती कुठल्या टेबलावर द्यायची, ते मी सांगते.

तुझी,
मावशी