‘वादळवारा’ ही द्विरुक्ती नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘माझ्या मुलीने निबंधात “वादळवाऱ्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर पडला” असे वाक्य लिहिले होते. शिक्षिकांनी त्यातला “वारा” लाल शाईने खोडला, समासात “द्विरुक्ती” असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला. वादळ म्हणजेच जोराचा वारा, हे खरे ना? शिवाय मैदानावर उठलेल्या धुळीच्या भोवऱ्यालाही बातम्यांत हल्ली चक्रीवादळ म्हणतात, ते बरोबर आहे का?’

शेरा चुकीचा आहे. द्विरुक्ती हुडकण्याची एक साथच पुण्यात आली आहे आणि ‘पिवळा पीतांबर’ व ‘गाईचे गोमूत्र’ ही दोन उदाहरणे पाठ झालेला प्रत्येक जण आता हाती लाल शाई घेऊन बसलेला असतो. गेल्या वर्षभरात ‘वादळवारा’ खोडलेला मी स्वतः तीन ठिकाणी पाहिला, त्यांपैकी एकदा तर माझ्याच लेखाच्या मुद्रितात. राजकारणातली आणि पेल्यातली वादळे सगळ्यांना ठाऊक आहेत, ती सोडून देतो आणि थेट मुळाकडे जातो, कारण ‘वादळ’ या शब्दाच्या मुळाशी वारा नाहीच. तिथे पाऊस आहे.

संस्कृत कोशांत ‘वार्दल’ असा शब्द मिळतो आणि त्याचा अर्थ ‘दुर्दिन’ असा दिलेला असतो. दुर्दिन म्हणजे वाईट दिवस असे आपण आज समजतो, परंतु अमरकोशाने ‘मेघच्छन्नेऽह्नि दुर्दिनम्’ अशी त्याची स्वच्छ व्याख्या केली आहे, म्हणजे ढगांनी झाकलेला दिवस. ‘वार्’ म्हणजे पाणी. ‘वारि’ त्याच घरातला. या वार्दलाचे प्राकृतात ‘वद्दल’ झाले आणि वद्दलाचे मराठीत ‘वादळ’. ही वाट अनोळखी नाही. मार्गाचा मग्ग झाला आणि मग्गाचा माग, कार्याचे कज्ज झाले आणि कज्जाचे काज, तसेच हे. वार्दल हा शब्द मुळातच संस्कृत, की प्राकृत वद्दलाला पंडितांनी नंतर चढवलेला संस्कृत अंगरखा, अशी शंका मलाही आहे, कारण तो मुख्यतः कोशांतच भेटतो. पण त्याने आपल्या मुद्द्याला धक्का लागत नाही. प्राकृतात वद्दल म्हणजे ढग, हे पक्के आहे.

आता शेजारी पाहा. हिंदीत आपल्या शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ब’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, हे वाळू आणि बालू, वाघ आणि बाघ, विंचू आणि बिच्छू या जोड्यांवरून शाळकरी मुलालाही दाखवता येते. त्याच नियमाने वादळाचे हिंदीत काय होईल? बादल! पंजाबीत ‘बद्दल’ आहे आणि त्यात प्राकृतातले जोडाक्षर अजून शाबूत आहे. बंगालीत ‘बादल’ म्हणजे पाऊस, पावसाळी हवा. गुजराती माणूस तर आपलाच ‘वादळ’ हा शब्द अक्षरशः उच्चारतो आणि आकाशातल्या ढगाकडे बोट दाखवतो. जोराच्या वाऱ्याला तो ‘वावाझोडुं’ म्हणतो. एवढ्या भावंडांत वाऱ्याचा अर्थ लावणारी आपण मराठी माणसेच वेगळी निघालो.

काही विद्वान ‘वादळ’ची फोड ‘वात अधिक दल’, म्हणजे वाऱ्याचे सैन्य, अशी करतात. एका व्याख्यानात ही व्युत्पत्ती इतक्या थाटात सांगितली गेली की सभागृहात टाळ्या पडल्या. सैन्याचे चित्र देखणे आहे, पण व्युत्पत्ती देखणेपणावर ठरत नाही. वात आणि दल यांच्या जोडणीतून वद्दलातला ‘द्द’ कसा निघतो, पंजाबी बद्दलात तो कुठून आला, आणि वाऱ्याचे सैन्य उत्तरेत जाऊन अचानक शांत ढग का झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन मग खुशाल टाळ्या घ्याव्यात.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा पालीत आहे. भिक्खूंच्या आचारनियमांचा जो विनयपिटक हा बौद्ध ग्रंथ, त्याच्या महावग्गात बुद्धांच्या बोधिप्राप्तीनंतरचा मुचलिंदाचा प्रसंग येतो. भगवान मुचलिंद वृक्षाखाली बसलेले असताना ‘महा अकालमेघो उदपादि सत्ताहवद्दलिका सीतवातदुद्दिनी’, म्हणजे मोठा अवकाळी मेघ उठला, सात दिवसांची झड लागली, गार वारा आणि अंधारलेले दिवस. तेव्हा मुचलिंद नागराजाने आपल्या शरीराचे सात वेढे भगवानांभोवती घातले आणि डोक्यावर फणा धरला. या ओळीत ‘वद्दलिका’ वेगळी आहे आणि ‘वात’ वेगळा आहे, हे शिक्षिकांना दाखवावे. एक पावसाची, दुसरा गार झोताचा. वादळ आणि वारा असे शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि कोणी कोणाची द्विरुक्ती करत नाही. जैन आगमांत, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथांत, ‘वद्दलियाभत्त’ असाही शब्द आहे. झडीच्या दिवशी गोरगरिबांसाठी शिजवलेले ते अन्न, आणि साधूंनी ते घ्यायचे नाही असा दंडक. वाऱ्यासाठी कोणी अन्नछत्र उघडत नाही. पावसाने ज्यांची चूल विझते आणि मजुरी बुडते त्यांच्यासाठी उघडतात.

मग मराठीत ढगाचे वादळ का झाले? माझी उपपत्ती अशी आहे की हे काम देशावरच्या वळवाने केले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास, कारण सह्याद्री चढताना वारे आपले पाणी घाटमाथ्यावरच टाकून येतात. अशा पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याला खरा दणदणीत ढग भेटतो तो वैशाखात, दुपारी चारच्या सुमारास. गच्चीवर कुरडया वाळत असतात, पान हलत नसते, आणि हडपसरच्या अंगाला काळेभोर आभाळ चढत जाते. पाऊस अजून दूर असतो, पण त्याआधी एकाएकी गार झोत येतो, धोतराचा पदर फडफडतो, ओल्या मातीचा वास येतो आणि कुरडयांची चादर चौघांनी चार कोपऱ्यांना धरून पळावे लागते. हा झोत ढगाचाच असतो. ढगातून सुटलेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकू लागतात, त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. जिथे ढग येण्याआधी त्याचा वाराच अंगावर येतो, तिथे ढगाचे नाव वाऱ्याला चिकटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. ढगाची नावे अशी उधार देण्याची आपल्याला सवयच आहे. अभ्राच्या कुळातले ‘आभाळ’ आपण आकाशाला देऊन टाकले, आणि तरीही ‘आभाळ आलंय’ म्हणतो तेव्हा आकाश आले असे कोणाला म्हणायचे नसते. दोन्ही जुने शब्द असे वाटून टाकल्यावर आपल्यासाठी उरला तो ‘ढग’.

मुचलिंदाची गोष्ट मात्र वळवाची नव्हे, कारण वळीव तासा-दोन तासांत ओसरतो आणि इथे झड सात दिवसांची आहे. वैशाखी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यांत गयेच्या परिसरात सलग पाऊस आणि गार वारा असेल, तर बंगालच्या उपसागरात तयार होऊन आत सरकलेले आवर्त हेच मला त्याचे सर्वांत पटणारे कारण वाटते. मे महिना त्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या दोन हंगामांपैकी एकात येतो. तसे असेल, तर नागाचे वेढे फार जागच्या जागी बसतात. १८४८ साली कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात गोल फिरणाऱ्या वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या मनात सापाचे वेटोळे होते. त्याचे ग्रीक जरा कच्चे होते. ज्या ‘किक्लोस’चा त्याने हवाला दिला, त्याचा सरळ अर्थ वर्तुळ किंवा चाक, आणि वेटोळ्याचा शब्द ‘किक्लोमा’ असा आहे. पण त्याची चूक आपल्या पथ्यावर पडली, कारण किक्लोस आणि आपले ‘चक्र’ हे एकाच आदिम शब्दापासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. ज्याने कोणी ‘चक्रीवादळ’ हा शब्द बनवला, त्याने भाषांतर न करता सायक्लोनच्या हरवलेल्या भावालाच आणून उभे केले. पाली भिक्खूंचा नाग आणि पिडिंग्टनचा साप यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला कळते. तरीही हा योग सांगितल्यावाचून राहवत नाही.

धुळीच्या भोवऱ्याविषयी विचारले होते, ते राहिलेच. त्याला ‘वावटळ’ हा नेमका शब्द असताना चक्रीवादळ म्हणणे मला असह्य होते, आणि तेही ज्या पुण्यात हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ ते १९४४ होते व जिथे त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, तिथे. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम समुद्र लागतो आणि पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारे वळण लागते, म्हणून ते विषुववृत्ताला चिकटून सहसा जन्मत नाही आणि आपल्या गोलार्धात नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोहोचल्याशिवाय हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर चढलेले ‘निसर्ग’ शेकडो किलोमीटर पसरलेले होते आणि त्याने पुण्यातलीही झाडे पाडली. वावटळ म्हणजे तापलेल्या मैदानावरची हवा वर उसळताना तिने घेतलेली काही मीटर रुंदीची गिरकी. ती डावीकडे फिरेल की उजवीकडे, याचा नेम नाही, आणि पाचेक मिनिटांत ती विरते. शिवाय ती उठते निरभ्र उन्हात. तिच्या माथ्यावर बादल नाही, म्हणून मुळाच्या अर्थाने ती चक्री असली तरी वादळ नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा-खराडीकडे मुळा-मुठेच्या पात्रावर डासांसारख्या कीटकांचे उंच खांब दिसले, तेव्हा त्यांनाही ‘डासांचे चक्रीवादळ’ म्हटले गेले. तिथे तर ढगही नव्हता आणि वाराही नव्हता. असे थवे वारा पडल्यावरच जमतात.