संध्याकाळचे दोन तास: ब्रश की पुस्तक?

"रात्री जेमतेम दोन तास मिळतात. वॉरगेमचे, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचे, छोटे सैनिक रंगवायला घेतले की वाचन राहून जातं. तुम्ही दोन्ही कसं जमवता?" असं विचारलंय तुम्ही.

मी आधी घड्याळ लावून पाहिलं, तासभर ब्रश, तासभर पुस्तक. नाही जमलं. तास संपायच्या वेळीच पॅलेटवर मनासारखी छटा जुळून येते आणि 'एवढी ढाल उरकतो' म्हणता म्हणता अकरा वाजतात.

सुटका केली ती वॉशने. हा पातळ गडद रंग कपड्यांच्या चुण्यांत, खाचाखोचांत उतरतो आणि सावली आपोआप दिसायला लागते. तो वाळायला अर्धा तास सहज जातो. अर्धवट ओल्यावर ब्रश लावलात तर डाग पडलाच म्हणून समजा. त्यामुळे आता आठ-दहा सैनिक एकदम घेतो, मूळ रंग देतो, सगळ्यांना वॉश मारतो, ब्रश धुतो आणि पुस्तक उघडतो. कडा फिकट रंगाने उजळायचं काम दुसऱ्या दिवशी. मूळ रंग वाळेपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत मात्र वाचू नका. एकच परिच्छेद तीनदा वाचला जातो आणि पानावर बोटांचे ठसे उमटतात ते वेगळेच.

'कालवलेला रंग वाया जाईल' ही माझी आवडती सबब होती. ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, वर घट्ट झाकण, एवढ्यावर अॅक्रिलिक दुसऱ्या दिवशीही चालतो. सबब गेली.

चेहरे रात्री रंगवतच नाही. २८ मिलिमीटरच्या सैनिकाचं डोकं हरभऱ्यापेक्षा लहान. त्यातले डोळे काढल्यावर पुस्तकातली अक्षरं पुसट दिसतात. ते काम सुट्टीच्या दिवशी, उजेडात.

आणि एक पथ्य, जे मलाच पाळता येत नाही: ज्या युद्धाचे सैनिक टेबलावर आहेत, त्याच युद्धावरचं पुस्तक रात्री घेऊ नये. नेपोलियनच्या पायदळात १८०८ नंतर फ्युझिलिअरांच्या, म्हणजे साध्या पायदळ सैनिकांच्या, टोपीवरचा गोंडा कंपनीप्रमाणे बदलायचा: हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा. माझ्या चोवीस जणांचे गोंडे सरसकट लाल होते. हे वाचलं, पुस्तक पालथं घातलं आणि पुन्हा दिवा लावून बसलो.