घायपाताचा धागा घालूनही पीपीची ताकद कमी का झाली?

तुम्ही लिहिलंय की घायपाताच्या (सिसल) धाग्याचे बारीक तुकडे पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या प्लास्टिकमध्ये मिसळून पट्ट्या केल्या, पण त्या साध्या पीपीपेक्षाही लवकर तुटल्या. मग हा धागा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तो प्लास्टिकला धरून बसलेला नाही, इतकंच. मी भोसरीत कंपाउंडिंगचं, म्हणजे प्लास्टिकमध्ये इतर पदार्थ मिसळून दाणा बनवण्याचं काम करतो. प्रोजेक्टसाठी येणाऱ्या मुलांचं घोडं बहुतेकदा इथंच अडतं.

तुटलेल्या पट्टीचं टोक भिंगाखाली धरा. धागे उघडे, स्वच्छ बाहेर आलेले दिसतील आणि समोरच्या तुकड्यात त्यांच्याच जाडीची भोकं. म्हणजे धागा तुटला नाही, उपसून निघाला. ताण त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, उलट तिथूनच तडा सुरू झाला. धाग्यातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ, पीपीला पाण्याचं वावडं, त्यामुळे दोघांचं आपोआप जमत नाही. दोघांना जोडायला मिश्रणात मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पीपी (एमएपीपी) वजनाच्या 2 ते 5 टक्के घाला. त्याआधी धागा 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला तर मेण, पेक्टिन निघून तो खरबरीत होतो. हातमोजे, गॉगल हवेतच. कॉस्टिक जास्त झालं तर धागाच कमकुवत होतो. नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

पण सगळ्यात जास्त घोळ ओलावा घालतो. पुण्याच्या जुलैतल्या हवेत, ओव्हनमध्ये वाळवून काढलेला धागा टेबलावर ठेवला की परत पाणी ओढतो. मशीनच्या तापलेल्या नळीत (बॅरल) त्या पाण्याची वाफ होते आणि पट्टीत पोकळ्या राहतात. म्हणून ओव्हनमधून थेट हॉपरमध्ये, म्हणजे मशीनमध्ये माल घालायच्या नरसाळ्यात. तापमान 190 अंशांपुढे नको. 200 च्या वर धागा करपायला लागतो, दाणा काळपट येतो, जळक्या साखरेसारखा वास सुटतो. 260 अंशांच्या आसपास वितळणारं नायलॉन 66 म्हणूनच इथे अवघड.

काचेच्या धाग्याशी ताकदीची बरोबरी करू नका, तिथे हा मागेच पडेल. वजन बघा: काचेची घनता 2.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, घायपाताची 1.4 च्या आसपास. गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल, डिकीचं अस्तर अशा जागी तो म्हणूनच चालतो. पट्टी वाकवून ताठपणा मोजा आणि घनतेनं भागून दाखवा. काही पट्ट्या 24 तास पाण्यात बुडवून मग ओढा. परीक्षकांनी विचारलं नाही तरी चाकणच्या गाडी कारखान्यांचा खरेदीदार ते आकडे मागणारच.