खुनी सुरुवातीलाच कळतो, मग 'डायल एम फॉर मर्डर' या इंग्रजी सिनेमात सस्पेन्स कसला?

हाच प्रश्न आमच्या दाजींनी परभणीला विचारला होता, म्हणून लिहायला बसलो. खुनी लपवला तरच सस्पेन्स, हे मला अजिबात मान्य नाही.

उन्हाळ्यात बहीण-दाजी आले होते. डीव्हीडी लावली, आईसाठी मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. बायको मार्गोच्या खुनासाठी टोनी जुन्या ओळखीच्या स्वानला कोंडीत पकडतो. तिची किल्ली जिन्यातल्या गालिच्याखाली ठेवतो, तिला फोनपाशी आणायला रात्री अकराला घरी फोन करायचं ठरवतो. नेमकं त्याचं घड्याळ बंद पडतं. फोनला उशीर होतो, आणि झटापटीत मार्गोच स्वानला कात्री खुपसते. मार्गो झालेल्या ग्रेस केलीचा तो मागं कात्री चाचपडणारा हात पाहून बहिणीनं माझा दंड गच्च धरला. दाजी म्हणाले, "खुनी तर कळला, आता काय राहिलं?"

पुढं मार्गोलाच फाशीची शिक्षा होते. इन्स्पेक्टर तिला घरी आणवतो, तिच्या पर्समधल्या किल्लीनं तिचंच दार उघडत नाही, आणि आमची लाईट गेली. भारनियमन. अंगणात बाजा टाकल्या, पण झोप कुणालाच येईना. "दार का उघडंना मग?" हे विचारलं कुणी, तर दाजींनी!

आई पडल्या पडल्या म्हणाली, "ती किल्ली त्या मेलेल्याच्याच घरची असंल. हिची त्यानं दार उघडल्याबरोबर जागेवर ठिवली. जिन्यात बघा म्हणावं."

लाईट आल्यावर तेच निघालं. टोनीनं प्रेताच्या खिशातली किल्ली बायकोची समजून पर्समध्ये टाकलेली असते.

दाजी आजही म्हणतात, आईचा अंदाज लागला. अंदाज कसला? शेतातून, शाळेतून येणाऱ्या प्रत्येकासाठी किल्ली कुठं ठेवायची हे जिनं जन्मभर पाहिलं, तिचं लक्ष किल्लीवरच होतं. दाजींचं खुन्यावर होतं. फ्रेडरिक नॉटचं हे मूळ नाटक, पटकथाही त्याचीच. दिग्दर्शक हिचकॉकनं १९५४ साली सिनेमा करताना तो बहुतेक एकाच घरात ठेवला, म्हणून तर दार आणि किल्लीला एवढं वजन येतं.

सुरुवातीला नुसतं बोलणंच बोलणं आहे, तेवढं सोसा. हिंदीतला 'ऐतबार' (१९८५) याच्यावरच बेतलाय, पण तो नंतर बघा. आणि घरातल्या बायांना "इंग्रजी आहे, तुम्हाला कळणार नाही" म्हणून उठवू नका, दाजींनी आईला तसंच म्हटलं होतं.