वाचकांचे प्रश्न : विंचूरला वाईनसाठी पार्क, कांद्याला मात्र बंदी, असं का?

प्रश्न : आमचं गाव निफाड तालुक्यात. विंचूरला एकीकडे वाईन पार्क आणि दुसरीकडे लासलगाव बाजार समितीचा उपबाजार. माती तीच, शेतकरीही तेच, एकाच घरात थोरल्याची द्राक्षबाग न धाकट्याचा कांदा. मग द्राक्षाच्या दारूला सरकार सवलती देतं आणि कांद्याच्या मागे हात धुवून लागतं, हे कसं काय?
– एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : दादा, प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, पण यात दोन सरकारं आहेत हे आधी वेगळं करून बघा. वाईनचं धोरण मुंबईत ठरलं. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनरीला म्हणजे वाईनच्या कारखान्याला उत्पादन शुल्कात दहा वर्षांसाठी सूट दिली, विंचूर आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क म्हणजे या कारखान्यांसाठी खास वसाहती काढल्या, आणि पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची स्कीमही आणली. म्हणजे बँकेत कर्जाला गेलेला माणूस मॅनेजरला सांगू शकत होता की साहेब, पुढची दहा वर्षं कर किती लागणार ते हे बघा, कागदावर आहे. वाईनची द्राक्षं लावली की माल हातात यायला दोन-तीन वर्षं जातात, टाक्या, बॅरल, कूलिंग यात पैसा आधी ओतावा लागतो, त्यामुळे अशा धंद्याला सवलतीपेक्षा मुदतीची हमी मोठी असते असं माझं स्पष्ट मत आहे.

कांद्याच्या निर्यातीचं धोरण ठरतं दिल्लीत. तिथे कृषी खात्याचा आवाज बारीक, ग्राहक व्यवहार खात्याचा मोठा, आणि नोटिफिकेशन निघतं वाणिज्य नाहीतर अर्थ खात्यातून. मागच्या काही वर्षांचं नुसतं कॅलेंडर बघा. सप्टेंबर 2019 ला आधी टनाला 850 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली बाहेर विकायचं नाही), मग पंधरा दिवसांत थेट बंदी, ती उठली मार्च 2020 ला. सहा महिने होतात न होतात तोच 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी, 1 जानेवारी 2021 ला उठली. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबर अखेरीस 800 डॉलरची अट, आणि डिसेंबरात बंदी. ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून सांगितली होती, तारीख जवळ आली तशी पुढे ढकलली आणि उठवली 4 मे ला, तीसुद्धा 550 डॉलर आणि 40 टक्के शुल्क लावूनच.

यात बंदीइतकाच जाच होतो तो टायमिंगचा. आदेश संध्याकाळी किंवा रात्री निघतो, लगेच लागू होतो, आणि सकाळी ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलेल्या माणसाला लिलाव सुरू झाल्यावर कळतं की कालचा भाव आज राहिला नाही. 2020 ला तर कंटेनर मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात आणि ट्रक बांगलादेशच्या बॉर्डरवर अडकून पडले, कांदा काय लोखंड आहे का, ताडपत्रीखाली मोड यायला कितीसा वेळ लागतो. डिसेंबर 2023 च्या बंदीनंतर लासलगावचा भाव दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. बरं त्यावेळी मार्केटला येत होता लाल कांदा, तो कांदाचाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबून बघू म्हणायचीही सोय नव्हती.

आता असं का होतं, तर कांदा विकणारा मोजक्या जिल्ह्यांत आहे आणि खाणारा देशभर. 1980 ला इंदिरा गांधींनी प्रचारात कांद्याचा भाव वापरला, 1998 ला महाग कांद्याने दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार घालवलं, तेव्हापासून सगळ्याच पक्षांनी याची धास्ती घेतलेली आहे (दिल्लीत सत्तेवर कोणीही असो, हात एकाच बटणावर जातो). वाईन महाग झाली म्हणून कोणी सरकार पाडत नाही. उलट परदेशी वाईनवर केंद्राचीच दीडशे टक्के कस्टम ड्युटी होती, त्या आडोशाने आपल्या वाईनरी वाढल्या.

पण वाईनवाल्यांचं सगळं गोड झालं असंही नका समजू. सवलत बघून भरपूर जणांनी घाईने वाईनरी टाकल्या, 2008-09 च्या मंदीत माल टाक्यांत पडून राहिला, कित्येक छोट्या वाईनरी बंद पडल्या आणि वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक नाही म्हणून लोकांनी बागा तोडल्या. धोरणाने कारखाना उभा राहतो, बाटली विकायची ज्याची त्याला. जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, त्यावर एवढा गदारोळ झाला की निर्णय कागदावरच राहिला.

माझं म्हणणं एवढंच की शहरातल्या गरिबालाही कांदा परवडला पाहिजे, सरकारने हात घालूच नये असं नाही. पण कोणत्या भावाला काय पाऊल उचलणार हे हंगामाच्या आधी जाहीर करा, आणि सौदा झालेला, बंदरावर पोहोचलेला माल तरी सोडा.

प्रश्न : नाफेड एवढा कांदा घेते, मग आमच्या हातात का पडत नाही काही?
– वाचक, येवला

उत्तर : कारण ती खरेदी तुमच्या भावासाठी नाहीच, ज्या निधीतून ती होते त्याचं नाव वाचा, भाव स्थिरीकरण निधी. हा निधी ग्राहक व्यवहार खात्याचा. नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था उन्हाळ कांदा घेऊन साठवतात आणि भाव चढला की शहरात सोडतात. ऑगस्ट 2023 ला शुल्कावरून मार्केट बंद पडली तेव्हा 2410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली, त्याच महिन्यात तोच बफरचा म्हणजे साठवलेला कांदा शहरांत 25 रुपये किलोने विकायला काढला होता. ऑक्टोबर 2024 ला तर लासलगावहून दिल्लीला खास रेल्वेने 1,600 टन पाठवला, कांदा एक्सप्रेस म्हणून फोटोबिटो झाले. म्हणजे चाळीत सहा महिने सड, मोड आणि वजनातली घट सोसून तुम्ही ज्या भावाची वाट बघता, नेमका तोच खाली आणायला हा कांदा येतो. शिवाय खरेदी खुल्या लिलावात उतरून न करता मधल्या संस्थांकडून होते, ही तक्रार जिल्ह्यात जुनीच आहे.

प्रश्न : 2024 ला आम्ही कांद्यावर मतदान केलं. काही फरक पडला का?
– वाचक, दिंडोरी

उत्तर : पडला, पण अर्धाच. लोकसभेला दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार हरल्या, विरोधी पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले, आणि एरवी सप्टेंबरात बंदीच्या बातम्या यायच्या तिथे 13 सप्टेंबर 2024 ला 550 डॉलरची अट काढली आणि शुल्क 40 वरून 20 वर आणलं. नोव्हेंबरात विधानसभा होती हे वेगळं सांगायला नको. उरलेले 20 टक्के निघायला 1 एप्रिल 2025 उजाडला. तोपर्यंत बाहेरच्या गिऱ्हाईकाने पाकिस्तान, चीनचा रस्ता धरलेला, बांगलादेशने स्वतःचं पीक वाढवलेलं, आणि आपल्याकडे उन्हाळ कांद्याची आवक जोरात. त्यामुळे शुल्क शून्य झालं तरी त्या वर्षी भाव काही उठला नाही.