नाव घ्यावं, की नुसता इशारा द्यावा?

"मॅडम, नाव टाकू का नको, एवढंच सांगा." लातूरला ट्यूशनसाठी राहणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

एका नटाच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्याच्या वाढदिवसाला चौकात बॅनर आणि वसतिगृहात वह्यावाटप, म्हणून सगळ्यांनी फोनपेवर वर्गणी दिली. हिनं हिशेब मागितला. पैसे जमा करणारा आधी म्हणाला, "उद्या टाकतो", मग हिलाच ग्रुपातून काढलं आणि हिच्या फोटोचे स्टिकर फिरू लागले. "आता सगळे मलाच हसायलेत," ती म्हणाली.

इन्स्टाग्रामवर टाकायची पोस्ट तिनं लिहूनच आणली होती. नाव कुणाचंच नव्हतं. 'वर्गणीवर मजा मारणारा एक गॉगलवाला' एवढंच. तिला वाटत होतं, नाव नाही म्हणजे आपण सुरक्षित.

मी म्हटलं, ही दोन मैत्रिणींना दाखव आणि कोण वाटतो ते विचार. पुढच्या भेटीला आली ती चेहरा पाडून. एकीनं बरोबर ओळखला. दुसरीनं नाव घेतलं ते वह्या स्वतःच्या गाडीवर वाहून नेणाऱ्या पोराचं. गॉगल तोही घालतो!

माझ्या मते असा इशारा नाव घेण्यापेक्षा वाईट. ज्याच्याबद्दल लिहिलं तो "मी नव्हेच" म्हणून मोकळा, आणि संशय चार जणांवर. कायद्याचंही कवच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. माणूस ओळखू येत असेल तर नाव नसूनही तक्रार होऊ शकते. नुसतं 'खरं आहे' म्हणूनही भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

मग आम्ही पोस्टमधल्या ओळी वेगळ्या केल्या. हिशेब कधी मागितला, काय उत्तर आलं, हे घडलेलं. 'पैसे खाल्ले' हा तिचा अंदाज, तो खोडला. खोडताना ती बरीच कुरकुरली, आणि मला ते साहजिकच वाटलं. उरलेला मजकूर फक्त वर्गणी देणाऱ्यांना पाठवायचा, तिथं मात्र नावासकट, कारण हिशेब मागण्याचा हक्क त्यांचा. पद लिहून नाव झाकण्यात अर्थ नव्हता. पैसे जमा करणारा एकच होता. स्टिकरचं प्रकरण वेगळं. नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे, पूर्ण नावानिशी. तिथं भीड नको.

इन्स्टाग्रामवर तिनं काहीच टाकलं नाही. वर्गणी देणाऱ्यांपैकी काहींनी ग्रुपात हिशेब मागितला, तेव्हा बॅनरची पावती आली. वह्यांची अजून यायची आहे. स्टिकर तक्रारीनंतर थांबले. ग्रुपात परत घ्यायची तयारी ॲडमिननं दाखवली, पण ती म्हणाली, आधी वह्यांची पावती, मग बघू.